पाच वर्षं कोडिंग केलंय, आता कंपनी म्हणतेय प्रोजेक्ट मॅनेजर हो. होऊ का? पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजरचं प्रमाणपत्र) करू का? नाशिकमध्ये राहून पुढे जाता येतं का?

तुमच्या प्रश्नातलं "कंपनी म्हणतेय" एवढं वाचलं आणि राहवलं नाही. मलाही असंच झालं होतं. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत सहा वर्षं डॉटनेट आणि एसक्यूएलवर कोडिंग करत होतो. एक दिवस साहेबांनी केबिनमध्ये बोलावून पेढा हातात दिला आणि म्हणाले, "उद्यापासून तू मॅनेजर." मी काही न विचारता पेढा खाल्ला. तिथेच चुकलं.

पहिलंच काम पिंपळगावकडच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाउसचं. तुम्ही नाशिकचे, म्हणजे हंगाम कधी ते सांगायला नको. जानेवारीत माल सुरू झाला की एप्रिलपर्यंत तिथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून सॉफ्टवेअर डिसेंबरअखेर चालू हवं. बागेतून क्रेट आले की वजन, शेतकऱ्याचं नाव, मग बाया घड साफ करून अर्ध्या किलोचे पनेट (प्लॅस्टिकचे छोटे डबे) भरणार, दहा पनेटची पेटी, प्री-कूलिंग, पॅलेट, कंटेनर, जेएनपीटी बंदर. आम्ही तिघं होतो. कागदावर सगळं सोपं दिसत होतं.

नोव्हेंबरात आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलीनं विचारलं, "सर, एका शेतकऱ्याचे दोन प्लॉट असले तर?" तिच्या वडिलांची निफाडकडे बाग होती, तिला माहीत होतं. मी म्हणालो, "ते दुसऱ्या फेजमध्ये बघू." त्या वेळी मी एक्सेलमध्ये गँट चार्टचे, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाच्या तक्त्याचे, चौकोन हिरवे करत होतो. मॅनेजर झालो होतो ना!

आता बघा, युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची नोंदणी प्लॉटवार असते. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट नावाच्या ऑनलाइन नोंदणीत प्रत्येक प्लॉटला स्वतःचा क्रमांक, आणि रेसिड्यूची, म्हणजे फवारणीच्या औषधांच्या उरलेल्या अंशाची, तपासणीही त्या त्या प्लॉटची. एकाच माणसाचा विहिरीकडचा प्लॉट पास आणि रस्त्याकडचा नापास होऊ शकतो. आमच्या डेटाबेसच्या टेबलात शेतकरी म्हणजे एक ओळ. दोन्हीकडचे क्रेट एकाच नावाखाली गोळा.

डिसेंबरात काम मागे पडलेलं दिसायला लागलं तेव्हा साहेब म्हणाले, "चार पोरं घे, उडवून टाका." आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय की रखडलेल्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. हिशोब साधा आहे. तिघांमध्ये बोलण्याच्या जोड्या ३, सातांमध्ये २१. मला हे तेव्हाही माहीत होतं. तोंड उघडलं नाही, कारण पेढा. मग ज्या दोघांना कोड ठाऊक होता ते दिवसभर नव्या चौघांना शिकवत बसले. सकाळची पंधरा मिनिटांची उभ्याउभ्या मीटिंग पाऊण तासावर गेली, लोक खुर्च्या घेऊन यायला लागले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पॅकहाउसच्या सुपरवायझर काकांचा फोन आला. "सर, तुमचा कॉम्प्युटर चांगलाय, पण आम्ही वही काढलीये." मी त्या दिवशी पहिल्यांदा पॅकहाउसमध्ये गेलो. पहिल्यांदा! जानेवारीत! ऑफिसात आम्ही वजनं कीबोर्डवरून टाकून टेस्टिंग केलं होतं. इथे काटा केबलनं जोडलेला. बाई क्रेट ठेवते, आकडा अजून वरखाली होतोय, आणि आमचं सॉफ्टवेअर पहिला दिसला तो आकडा उचलून मोकळं. आकडा लागोपाठ काही वेळा तोच आला तरच सेव्ह करायचा, एवढंच करायचं होतं. तासाभराचं काम. प्लॉटचं मात्र मूळ टेबलच फोडावं लागलं. स्वेटर घालून तीन रात्री त्या मुलीनं आणि मी काढल्या. नवे चौघं तेवढा वेळ अंबडला बसून "काय करू सर?" विचारत होते. त्यांचा काय दोष.

हंगाम संपल्यावर मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅनेजरनं साइटवर जाऊन क्रेट मोजायचे नसतात. त्याला पोरं असतात." मी गप्प बसलो. आज इतक्या वर्षांनी इथे सांगतो: मोजायचे असतात, साहेब. ऑक्टोबरात छाटणीच्या दिवसांत पॅकहाउस बंद असतं, पण काका असतातच. एक चहा पिऊन आलो असतो तर दहा मिनिटांत त्यांनी प्लॉटचं सांगितलं असतं आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेला काटाही दाखवला असता. तुम्ही चार माणसांचा महिन्याचा पगार घातला, मी पेट्रोलचे दोनशे रुपये घातले नाहीत. दोघांचंही चुकलं, पण मीटिंगमध्ये एकाचंच निघालं.

तर, तुमचा प्रश्न. मॅनेजर व्हा, पण कोड वाचणं सोडू नका. लिहायचा हट्ट नको, तुमच्यापाशी काम अडकून बसेल. वाचा मात्र रोज. आणि जिथे सॉफ्टवेअर चालणार तिथे महिन्यातून एकदा तरी जाऊन उभे राहा. हिरवे चौकोन कुणीही रंगवतं. तारीख गाठता येणार नाही हे नोव्हेंबरात साहेबांच्या तोंडावर सांगता येत असेल तर तुम्ही त्या खुर्चीसाठी तयार आहात. येत नसेल तर सीनियर डेव्हलपर म्हणून राहा, त्यात काडीचाही कमीपणा नाही. आपल्याकडे नातेवाईक "अजून कोडिंगच करतो का?" असं विचारतात, त्यांना विचारू द्या.

पुण्याचं म्हणाल तर २१० किलोमीटर आहे, मी दोन वर्षं हिंजवडीत काढून परत आलो, आता नाशिकच्या इंदिरानगरमध्ये घरी बसून तिथल्याच कंपनीचं काम करतो. माझा मेहुणा म्हणतो नाशिकमध्ये कुणी वाढत नाही. वाढतं. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्यानं तपासल्याशिवाय स्वतःचा कोड पुढे पाठवायचा नाही ही शिस्त मला पुण्यातच लागली.

हे सगळं छोट्या कंपनीच्या अनुभवावरून लिहितोय, हजारो माणसांच्या कंपनीत गणित वेगळं असेल. साहेबही वाईट नव्हते, त्या वर्षीसुद्धा पगार एक तारखेलाच झाले.

पीएमपी राहिलं. पदवी असली तरी प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण मागतात, म्हणजे नुसतं कोडिंग केलं असेल तर आत्ता अर्जच बसणार नाही. आधी तीन वर्षं काम करा, मग फी कंपनीकडून घ्या. आणि हो म्हणण्याआधी हुद्दा बदलल्यावर पगार किती बदलतो ते लेखी विचारा. मला सुचलं नव्हतं. माझं फक्त व्हिजिटिंग कार्ड बदललं, त्यातही आडनाव चुकलं होतं.