प्रवेशभाग, जिना आणि पॅसेज यांच्या भिंतींना कोणता रंग द्यावा?

आपल्या घराची रचना प्रश्नावरून मला अशी समजली : दार उघडताच लहानसा प्रवेशभाग लागतो, त्यातूनच दोन मजले चढणारा जिना निघतो आणि जिन्याच्या माथ्याशी खिडकी नसलेला अरुंद पॅसेज आहे. दिवाणखाना फिकट पिवळसर आणि झोपण्याच्या खोल्या निळसर राखाडी रंगवून झाल्या आहेत. आता या मधल्या जागेला एकच रंग द्यावा की तीन वेगवेगळे, आणि अंधाऱ्या पॅसेजला पांढराच द्यावा का, हे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे. तिन्ही ठिकाणच्या भिंतींना एकच रंग द्यावा, तो जिन्याच्या सलग भिंतीचा विचार करून निवडावा, आणि तो शुभ्र पांढरा नसावा.

खोलीचा रंग कोठे संपवायचा हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण खोलीला कोपरे असतात आणि दाराची चौकट असते. जिन्याच्या भिंतीचे तसे नाही. ती खालच्या दाराजवळ सुरू होते आणि पायऱ्यांच्या बाजूने वर चढत, मधल्या मजल्यावर कोठेही न तुटता, थेट वरच्या पॅसेजमध्ये शिरते. खाली एक आणि वर दुसरा रंग देण्याचे ठरवले, तर सलग भिंतीच्या मधोमध कोठेतरी रेघ ओढावी लागते, आणि त्या रेघेला त्या जागी असण्याचे काही कारण नसल्यामुळे जिना चढता-उतरताना ती दररोज खटकते. रंग बदलायचाच असेल, तर तो जेथे दोन भिंती आतल्या बाजूने मिळतात अशा कोपऱ्यातच बदलावा. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर सामानाचे आणि हातांचे धक्के लागतात, टवके उडतात आणि दोन रंगांची हद्द लवकर खराब होते. म्हणून प्रथम मुख्य दारात उभे राहून, आणि मग वरच्या पॅसेजच्या टोकाला उभे राहून, नजर एका दृष्टिक्षेपात कोठवर पोहोचते ते पाहावे. जेवढे एकत्र दिसते तेवढे एका रंगाचे ठेवावे. पॅसेज पुढे वळत असेल आणि वळणापलीकडचा भाग जिन्यावरून दिसत नसेल, तर तेथे दुसरा रंग निःशंकपणे सुरू करता येतो.

आता पांढऱ्याविषयी. अंधाऱ्या जागेला पांढरा रंग दिला की ती उजळते, ही समजूत फार पक्की आहे, पण पांढरा रंग प्रकाश निर्माण करत नाही, पडलेला प्रकाश फक्त परत पाठवतो. अनेक शेडकार्डांवर प्रत्येक छटेपुढे एलआरव्ही नावाचा आकडा छापलेला असतो. ती छटा स्वतःवर पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के परत फेकते, हे तो सांगतो. त्याची मोजपट्टी काळ्यासाठी ० आणि पूर्ण पांढऱ्यासाठी १०० अशी असते, आणि भिंतींचे नेहमीचे पांढरे रंग साधारणपणे ८० ते ९०च्या दरम्यान येतात. भिंतीवर मुळात पडणारा प्रकाशच अत्यल्प असेल, तर त्याच्या ८५ टक्के म्हणजेही अत्यल्पच. त्यातच शेजारच्या खोलीच्या उघड्या दारातून लख्ख उजेड दिसत असला, की डोळा त्याच्याशी तुलना करतो आणि पॅसेजची पांढरी भिंत मळकट राखाडी भासू लागते. एलआरव्ही ५५ ते ७० असलेली, थोडी उबदार छटा अशा ठिकाणी अधिक समाधान देते, कारण उजेड कमी झाला तरी ती रंग म्हणूनच ओळखू येते. पिवळ्या मातीचा किंवा फिकट विटकरी रंगाचा किंचित अंश असलेले मातकट पांढरे आणि वाळूसारखे रंग या गटात मोडतात.

मात्र त्याआधी दिवे ठरवावेत, हे मी आग्रहाने सांगेन. खिडकी नसलेला पॅसेज दिवसाही दिव्याच्या प्रकाशातच पाहिला जातो, म्हणजे त्याचा रंग अर्धा रंगाच्या डब्यातून आणि अर्धा दिव्यातून येतो. सुमारे २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) दिवा पिवळसर प्रकाश देतो आणि त्यात उबदार रंग खुलतात. तेच रंग ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या दिव्याखाली फिके आणि निर्जीव दिसतात. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय हा आकडाही पाहावा. रंग कितपत यथातथ्य दिसतील हे त्यावरून कळते, आणि भिंतींच्या बाबतीत ९० किंवा त्याहून अधिक सीआरआय असलेला दिवा घेणे हिताचे असते. दिव्याचा झोत केवळ जमिनीवर न पडता भिंतींवरही पडेल अशी योजना केली, तर पॅसेज जितका उजळतो तितका तो रंग बदलून क्वचितच उजळेल.

अरुंद जागेचा आणखी एक गुण असा, की तेथे समोरासमोरच्या भिंती एकमेकींना रंगवतात. एका भिंतीवर पडलेला प्रकाश तिचा रंग घेऊन समोरच्या भिंतीवर जातो, तेथून पुन्हा परततो, आणि प्रत्येक फेरीत रंग अधिक गडद व अधिक ठळक होत जातो. त्यामुळे शेडकार्डावर सौम्य वाटलेला पीच रंग पॅसेजमध्ये चक्क नारिंगी दिसतो आणि नाजूक हिरवा झगझगीत होतो. हे आधीच पाहण्याची सोपी युक्ती आहे. रंगवलेला जाड कागद मधोमध काटकोनात दुमडावा आणि आतल्या घडीत पाहावे. तेथे रंग जसा दाट दिसतो, त्याच्या जवळपासचा परिणाम अरुंद पॅसेजमध्ये मिळतो. म्हणून आपल्याला आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी कमी ठळक छटा निवडावी. जिन्याची उंच पोकळी रुंद असेल, तर तेथे हा परिणाम बराच कमी जाणवतो.

आपल्या घरात खोल्यांचे रंग आधीच ठरलेले असल्यामुळे शेजाराचाही विचार करावा लागेल. पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचे काम पाहणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले होते, की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना विरुद्ध दिशेला ढकलतात. पिवळसर दिवाणखान्यातून पाहिलेली तटस्थ राखाडी भिंत याच कारणाने निळसर वाटेल, आणि निळसर खोलीतून बाहेर येताना तीच भिंत किंचित तपकिरी भासेल. मधली जागा या दोन्ही कुळांना सामावून घेणारी हवी. निळसर राखाडी पुढे चालू ठेवली, तर दिवाणखान्याच्या दारात ती फार थंड वाटेल. पिवळा पुढे नेला, तर झोपण्याच्या खोल्या अधिकच निळ्या दिसतील. आपल्या जागी मी उबदार बाजूला झुकणारा राखाडी-वाळूचा रंग निवडेन. तो निवडताना त्यात हिरवट किंवा जांभळट छटा दडलेली नाही ना, हे अवश्य पाहावे. छटा एकटीच पाहिली तर हा झोक कळत नाही, परंतु शेडकार्डाच्या त्याच पट्टीतील सर्वात गडद रंग पाहिला किंवा छटेशेजारी कोरा पांढरा कागद धरला, की तो लगेच उघड होतो.

नमुना थेट जुन्या भिंतीवर लावू नये, कारण जुना रंग शेजारी असला की नव्याचा अंदाज चुकतो. निदान दोन फूट लांबीच्या जाड पुठ्ठ्यावर दोन हात मारून, पूर्ण वाळू देऊन, तो पुठ्ठा दाराजवळ, जिन्याच्या मधल्या वळणावर आणि पॅसेजच्या टोकाला, उभ्या भिंतीला टेकवून पाहावा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून पाहावा. आडवा धरलेला पुठ्ठा नेहमी अधिक उजळ दिसतो, म्हणून तो टेबलावर ठेवून निर्णय घेऊ नये. जिन्यावर तो छान वाटला आणि पॅसेजमध्ये नापसंत झाला, तर पॅसेजचे मत ग्राह्य धरावे. भरपूर उजेडात बहुतेक रंग निभावून जातात, खरी परीक्षा कमी उजेडातच होते.

वेगळेपणाची हौस सलग भिंतींऐवजी इतरत्र भागवावी. मुख्य दाराची आतली बाजू गडद रंगवली, तर प्रवेशभागाला ओळख मिळते. लांब पॅसेजच्या टोकाची भिंत थोडी गडद केली, तर ती जवळ आल्यासारखी वाटते आणि पॅसेजची लांबी कमी भासते. पॅसेजमध्ये दारे पुष्कळ असतील, तर दारे आणि चौकटी भिंतीच्याच रंगात मिसळू द्याव्यात, नाहीतर दर दोन पावलांवर नजर अडखळते.

पायऱ्यांच्या बाबतीत मात्र रंग शोभेपुरता राहत नाही. वरून उतरताना सर्व पायऱ्या एकाच रंगाच्या असल्या, की एक पायरी कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते ते कळत नाही. वयस्क माणसांना आणि अधू दृष्टीच्या माणसांना याचा धोका सर्वाधिक असतो. पायरीच्या कडेवर सुमारे ५ सेंटीमीटर रुंदीची पट्टी स्पष्ट वेगळ्या रंगाची असावी. लगतच्या पृष्ठभागांच्या एलआरव्हीमध्ये ३० अंकांचे अंतर ठेवावे, असे ब्रिटिश मानक बीएस ८३०० सुचवते आणि घरासाठीही तो अंदाज वापरण्याजोगा आहे. कठड्याचा हाताने धरायचा भागही भिंतीपासून असाच वेगळा उठून दिसावा. पाय पडतो त्या भागावर भिंतीचा इमल्शन रंग टिकत नाही. तेथे फरशीसाठी बनवलेला, न घसरणारा रंगच लागतो.

रंगाची तकाकी निवडताना लक्षात घ्यावे, की जिन्याच्या खिडकीतून येणारा तिरपा उजेड भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा दाखवतो आणि चकाकी जितकी अधिक, तितके हे दोष ठळक होतात. साध्या मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, रंगावर मात्र हातांचे डाग राहतात. धुता येणारा मॅट किंवा अगदी सौम्य तकाकीचा रंग हा मधला मार्ग या जागेसाठी मला योग्य वाटतो. छतासाठी पूर्ण मॅट घ्यावा. जिन्याची उंच भिंत रंगवण्यासाठी परांची बांधावी लागते आणि हे काम वरचेवर होत नाही, म्हणून लागणारा सर्व रंग एकदमच घ्यावा आणि सुरुवात करण्यापूर्वी सर्व डबे मोठ्या भांड्यात एकत्र मिसळून घ्यावेत, कारण एकाच क्रमांकाच्या दोन डब्यांतही सूक्ष्म फरक असू शकतो आणि सलग भिंतीवर तो लपत नाही. उरलेला रंग झाकण घट्ट लावून, त्यावर छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावा. पॅसेजच्या कोपऱ्यांना लागणाऱ्या धक्क्यांच्या दुरुस्तीसाठी तो उपयोगी पडेल.