पूर्णा आजींच्या जागी दुसरी अभिनेत्री आली म्हणून आईने मालिका सोडली. तिला कसं समजावू?

तुम्ही लिहिलंय की पूर्णा आजींचं काम करणाऱ्या ज्योती चांदेकर गेल्या तेव्हा आई रडली, दोन दिवस नीट जेवली नाही. आता रोहिणी हट्टंगडी पूर्णा आजी होऊन आल्यावर तिनं 'ठरलं तर मग' बघणंच बंद केलं. "माणूस गेल्याचं यांना काही आहे की नाही?" असं ती म्हणते आणि बाबा तिला हसतात.

आधी बाबांना गप्प करा. आईचं नंतर बघू.

मी सहा वर्षं मराठी मालिकांमध्ये असिस्टंट डायरेक्टर होतो. 'ठरलं तर मग'शी माझा काडीचा संबंध नाही, तिथली आतली बातमी माझ्याकडे नाही. पण चालू मालिकेतलं माणूस जातं तेव्हा सेटवर काय होतं, ते मी एकदा अगदी जवळून पाहिलंय.

आमच्या मालिकेत घरातल्या काकांचं काम एक ज्येष्ठ नट करायचे. नाव सांगत नाही. गुरुवारी पॅकअपनंतर जाताना मला म्हणाले, "उद्या माझे सीन आधी उरक रे, नातीचा वाढदिवस आहे." शुक्रवारी पहाटे फोन आला. सातचा कॉल टाइम होता. निम्मं युनिट सेटवरून थेट त्यांच्या घरी गेलं, तिथून स्मशानात, आणि दुपारी अडीचला आम्ही परत सेटवर. तुम्हाला हे राक्षसी वाटेल. पण आमच्याकडे फक्त दोन एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, शिल्लक होती. रोजच्या मालिकेत सोमवारी रात्री पडद्यावर काहीतरी दिसावंच लागतं. घरात माणूस गेलं तर दहा दिवस सुतक असतं, शेजारचे पिठलं-भात आणून देतात. सेटला सुतक नाही.

लेखकाला फोन गेला. काकांचे संवाद काकूंना द्या, आणि काका गावी गेलेत असं एक वाक्य टाका. (मालिकेतली माणसं अडचणीच्या वेळी नेहमी गावी जातात. तिथली जमीन कोण कसतं, देव जाणे.) आणि सीन कुठला होता? हळदीकुंकवाचा! काकूंचं काम करणाऱ्या बाई तीन वर्षं त्या माणसासोबत एका डब्यात जेवल्या होत्या. मेकअपदादानं त्यांचं रडून सुजलेलं तोंड कसंबसं झाकलं, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं आणि त्या हसत हसत वाण द्यायला उभ्या राहिल्या. पहिल्याच टेकला ओके. कट म्हटल्यावर सेटवर कुणी काही बोललं नाही. नुसता फ्लोअरवरचा मोठा पंखा फिरत होता.

काकांचे आधी शूट झालेले सीन अजून दाखवायचे होते. शुक्रवारी रात्री त्या नटाच्या खऱ्या पत्नीचा मला फोन आला. आवाज अगदी साधा. "अजून किती दिवसांचं आहे हो यांचं?" मी म्हटलं, उद्यापर्यंत. "बरं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या घरात टीव्ही लागला होता, हे मला नंतर कळलं.

हे एवढं लांबण लावलं, कारण आईचा राग सेटवरच्या माणसांवर आहे, आणि तो थोडा चुकीच्या पत्त्यावर गेलाय. ती माणसं रडत नाहीत असं नाही. त्यांना रडायला सुट्टी नसते. 2020 च्या सप्टेंबरात ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर साताऱ्यात वारल्या. 'मत्स्यगंधा' नाटकातली सत्यवती ती हीच. 'आई माझी काळुबाई'च्या चित्रीकरणात असताना त्यांना कोरोना झाला. अलका कुबल त्या मालिकेच्या निर्मात्या, शिवाय तिच्यात कामही करत होत्या. त्या शेवटपर्यंत आशालताताईंसोबत राहिल्या, आणि अंत्यविधीही साताऱ्यातच झाले. तेव्हा लोक सख्ख्या नातलगाच्या मयताला जायला धजावत नव्हते, आठवतंय ना? नंतर ती मालिकाही पुढे चालूच राहिली.

आता आईची बाजू, आणि ती मला पूर्ण पटते. ही मालिका 2022 च्या डिसेंबरात सुरू झाली. रोज रात्री साडेआठला पूर्णा आजी घरात हजर. पावणेतीन वर्षांत आईनं सख्ख्या नणंदेला तरी इतक्या वेळा पाहिलं असेल का? त्यात कथेची मेख अशी की आजी जिच्यासाठी झुरायची ती लेकीची मुलगी तन्वी, म्हणजेच मालिकेची नायिका सायली, तिच्या डोळ्यांसमोर वावरत होती. हे आपल्याला ठाऊक होतं, आजीला नव्हतं. उलट सुरुवातीला त्या सायलीचाच आजीला राग. एक दिवस आजीला कळेल आणि ती सायलीला कवटाळेल, त्या सीनसाठी तुमची आई थांबली होती. तिनं तो मनात शंभर वेळा पाहिला असेल, आणि त्यात चेहरा ज्योतीताईंचाच असणार. तो सीन त्यांच्या वाट्याला आलाच नाही. आई दोन दिवस जेवली नाही यात मला तरी काही वेडेपणा दिसत नाही.

16 ऑगस्ट 2025 हा दहीहंडीचा दिवस. बाहेर डीजेचा दणदणाट आणि फोनवर ज्योतीताई गेल्याची बातमी. दुसऱ्या दिवशी पुण्यात वैकुंठात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यातून सावरतोय तोवर पंधराच दिवसांनी, 31 ऑगस्टला, गौरी आवाहनाच्या दिवशी अभिनेत्री प्रिया मराठे गेली. अवघी 38 वर्षांची, कर्करोगानं. अंकिता लोखंडे, प्रार्थना बेहेरे या तिच्या 'पवित्र रिश्ता' या हिंदी मालिकेच्या दिवसांपासूनच्या मैत्रिणी, त्यांचा शोक सगळ्यांनी पाहिला. प्रेक्षकांचं मात्र वेगळंच झालं. 'तुझेच मी गीत गात आहे'मध्ये ती मोनिका होती, खलनायिका. 2023 मध्ये तब्येतीमुळे तिनं ती भूमिका सोडली आणि तेजस्विनी लोणारी मोनिका झाली. माझी मावशी त्या मोनिकेला रोज शिव्या घालायची. बातमी ऐकून म्हणाली, "मी उगाच बोलायचे गं तिला." मावशीनं बोल लावले होते ते मोनिकेला, आणि ओशाळली प्रियापुढे.

तुमच्या आईची गाठ नेमकी इथंच आहे असं मला वाटतं. आई पूर्णा आजीसाठी रडली. मालिकेतली नायक-नायिका जुई गडकरी, अमित भानुशाली आणि बाकीचं युनिट रडलं ते ज्योतीताईंसाठी, जेवताना शेजारी बसणाऱ्या बाईसाठी. पूर्णा आजी परत आणता येते, चॅनेलनं ती काही आठवड्यांनी आणली. सेटवरच्यांना त्यांची ज्योतीताई कोण आणून देणार? नवीन आजी आली म्हणजे ते विसरले असं समजू नका. त्यांना आता त्याच नावानं दुसऱ्या बाईंना हाक मारायचीय, त्याच दिवाणखान्यात, आणि तीही डोळ्यांत पाणी न आणता. माझ्या मते त्या घरात सगळ्यात अवघड काम तेच आहे.

रोहिणीताईंचंही सोपं नाही. 'चार दिवस सासूचे', 'होणार सून मी ह्या घरची'तल्या आईआजी, एवढी पुण्याई गाठीशी असलेली बाई. दुसऱ्या कुणाच्या चपलेत पाय घालायची त्यांना काय गरज? आजीला फोटोत बसवून हार घालण्याचा मार्ग होताच. माझं मत विचाराल तर तो मला जास्त खुपला असता. खऱ्या मरणावर मालिकेतल्या मरणाचे चार एपिसोड काढायचे, मागे करुण संगीत, आणि सहकलाकारांनी पुन्हा एकदा कॅमेऱ्यापुढे रडायचं. काही मालिकांनी ते केलंय आणि लोकांनी ते बघितलंयही, पण मला ते बघवत नाही.

तेव्हा आईला समजावू नका. मालिका बघायची नसेल तर राहू दे, त्या वेळेला दुसरं काहीतरी लावा. एखाद्या रविवारी 'मी सिंधुताई सपकाळ' लावून द्या, 2010 चा चित्रपट आहे. त्यात तरुणपणची सिंधुताई तेजस्विनी पंडितनं केलीय आणि उतारवयातली ज्योतीताईंनी, म्हणजे तिच्या खऱ्या आईनं. एकाच बाईचं अर्धं आयुष्य लेकीनं आणि अर्धं आईनं केलंय. त्यात तुमच्या आईला पूर्णा आजी कुठंच दिसणार नाही, ज्योतीताई मात्र दिसतील.

बाबांनाही शेजारी बसवा. आणि रुमाल दोघांना द्या.