बंद हंगामाचा पगार

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. बहुतेक काम साखर कारखान्यांच्या ओव्हरहॉलिंगचे : कन्व्हेअरच्या चेन, ज्यूस हीटरच्या बॉडी, पाइपलाइन. मे ते ऑक्टोबर जेवायला फुरसत नसते. दसरा झाला, बॉयलर पेटले, की आमच्याकडे शुकशुकाट. वीसेक कामगार आहेत. सीए म्हणतात, निम्म्यांना नोव्हेंबरात घरी पाठवा, मे महिन्यात परत बोलवा. मुलाचेही तेच मत. तुम्ही कारखान्यात आयुष्य काढलेत म्हणून विचारतो. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घरी पाठवू नका. ज्या गिऱ्हाइकांवर तुमचे वर्कशॉप चालते, ते साखर कारखाने स्वतः तसे करत नाहीत.

गाळप चालते चार-पाच महिने. उरलेला काळ बंद हंगाम. तरी हंगामी कामगाराला त्या काळात रिटेन्शन मिळते, म्हणजे काम नसताना पगाराचा ठरलेला हिस्सा. कुशल माणसाला जास्त, अकुशलाला कमी. ही पद्धत कामगार संघटनांच्या रेट्याने आणि वेज बोर्डामुळे, म्हणजे पगार ठरवणाऱ्या सरकारी मंडळामुळे, बसली हे खरे. पण ती टिकली, कारण कारखान्यालाही तिची गरज होती. मिलवरचा फिटर एकदा चाकणच्या कंपनीत रुळला की मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या दिवशी परत येत नाही.

शेवटचा ऊस गव्हाणीतून, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावरून गेला की पिळणाऱ्या मिल उघडतात. टॉप रोलर क्रेनने वर निघतो तेव्हा त्याच्याकडे नीट पाहा. हंगामभर ऊस चिरडून दात बोथट झालेले असतात, कडेला शेल, म्हणजे बाहेरचे कवच, खाल्लेला असतो. ब्रास, म्हणजे रोलर ज्यावर फिरतो ते बेअरिंग, उतरवला की त्याच्या रंगावरून आणि ओरखड्यांवरून कळते, तेल कुठे पोहोचत नव्हते. यातले बरेचसे लॉगबुकात नसते. "साहेब, तीन नंबरच्या मिलचा डिस्चार्ज बाजूचा ब्रास जानेवारीपासूनच तापत होता, आम्ही पाणी मारून चालवला," असे सांगणारा फिटर मला नव्या रोलरइतकाच मोलाचा वाटायचा. त्या एका वाक्यावर पुढच्या हंगामातला बिघाड टळतो. जानेवारीत मिल आठ तास बंद पडली तर बाहेर अड्ड्यावर ट्रॅक्टर तुंबतात, तोडलेला ऊस वाळत जातो आणि त्यातली साखर घटते. चोवीस तासांच्या आत गाळलेला ऊस आणि तीन दिवस पडून राहिलेला ऊस यांतला फरक थेट उताऱ्यात, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्यात दिसतो.

तुमच्या वेल्डरांचे तेच आहे. बॉयलरच्या प्रेशर पार्टला हात लावायला आयबीआरचा, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमावलीनुसार प्रमाणित वेल्डर लागतो, तो मे महिन्यात नाक्यावर उभा सापडत नाही. तुम्ही त्याला नोव्हेंबरात सोडाल, डिसेंबरात दुसरा कोणी उचलेल. मग तुम्ही ओव्हरहॉलिंगच्या ऐन गर्दीत नवख्या मुलांकडून जॉइंट मारून घ्याल आणि हायड्रॉलिक टेस्टला ते गळतील.

आता पैशाचे. तुमची खरी अडचण दरात असावी असा माझा अंदाज आहे. कोटेशन देताना तुम्ही मजुरी सहा महिन्यांची धरता आणि माणसे बारा महिने जगतात. वर्षाचा पूर्ण पगार काढा आणि तो हंगामातल्या कामाच्या तासांवर वाटा. दर थोडा चढेल, एखादे काम हातचे जाईल. जाऊ द्या. कारखान्यांची बिले उशिरा निघतात हे मला चांगले ठाऊक आहे, तेव्हा वर्क ऑर्डरबरोबर अ‍ॅडव्हान्स मागायला लाजू नका. बिल जमा झाले की त्यातला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याला डिसेंबरपर्यंत हात लावू नका. मुलालाही शिवू देऊ नका.

रिकाम्या महिन्यांत माणसे नुसती बसवायची नाहीत. तुमच्या स्वतःच्या लेथची, वेल्डिंग सेटची, क्रेनच्या वायररोपची देखभाल कधी होते? गर्दीत कोणीच करत नाही. वेल्डरांच्या सर्टिफिकेटच्या परीक्षा, आयटीआयच्या पोरांचे शिक्षण, पुढच्या वर्षी हमखास लागणाऱ्या चेनचा साठा, हे सगळे थंडीत उरकते. गाळप चालू असतानाही रात्री-बेरात्री ब्रेकडाउन होतात. दोन माणसांची एक जोडी गाडीसह तयार ठेवा आणि चार चीफ इंजिनिअरना तसे कळवा. रात्री दोन वाजता धावून येणाऱ्या वर्कशॉपला मे महिन्यात पहिला फोन जातो, हे मी त्या खुर्चीत बसून केलेले आहे.

एवढे करूनही वीस माणसे पेलत नसतील, तर हंगामात भरती कमी करा. पण ज्यांना ठेवाल त्यांना वर्षभर ठेवा.

प्रश्न : करवीर तालुक्यात आमचे गुऱ्हाळ आहे, रसायनाशिवाय गूळ करतो. सासऱ्यांनंतर आता मी बघते. मुंबईच्या एका दुकानदाराला वर्षभर, दर महिन्याला सारखाच माल हवा आहे. आम्ही नोव्हेंबर ते मार्च गाळतो. त्यासाठी ऑगस्टपासून गुऱ्हाळ चालवावे का? कर्ज मिळते आहे. – एक वाचक, करवीर

उत्तर : ताई, वर्षभर विका, वर्षभर गाळू नका.

पावसाळ्यात ऊस वाढीला लागलेला असतो. पाणी आहे, ऊब आहे, खत आहे, तोवर तो उंची घेतो. ऑक्टोबर संपता संपता हवा कोरडी होते, रात्री गार पडतात, वाढ मंदावते आणि मग खालच्या कांड्यापासून वर साखर भरत जाते. म्हणूनच जाणता शेतकरी तोडणीआधी पाणी तोडतो. ऑगस्टच्या कोवळ्या उसात ग्लुकोज-फ्रुक्टोजचे प्रमाण जास्त असते. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, कितीही हुशार असो, असा रस काहिलीत आटवला तरी वाफ्यात ढेप धरत नाही, गूळ चिकट राहतो. वर पावसाळी हवा, ओली चिपाडे, चुलवाण धुमसते आणि आधण, म्हणजे काहिलीतला एक घाणा, लांबते. मग रंग आणि कडकपणा आणायला काही जण साखर ओततात. तुमचा धंदा भेंडीच्या पाण्याने मळी काढणाऱ्या गुळावर उभा आहे, त्या वाटेला जाऊच नका. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाले, ते नाव आपणच राखायचे आहे.

कारखान्यांच्या बाबतीत मी हे फार जवळून पाहिले. शेजारचा कारखाना ऊस पळवेल या भीतीने घाईने गाळप सुरू करायचे आणि अपक्व ऊस ओढायचा. उतारा एक टक्क्याने घटला तर टनामागे १० किलो साखर गेली. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात ते रोजचे ५०० क्विंटल होतात. त्याच उसाला दोन महिने दम दिला असता तर ती साखर शेतातच तयार झाली असती, कुठलाही जास्तीचा खर्च न करता. संचालक मंडळात हे सांगताना माझा आवाज चढायचा. आजही चढतो.

तेव्हा कर्ज घ्यायचेच तर साठवणुकीसाठी घ्या. डिसेंबर ते फेब्रुवारीत, ऊस भरात असताना, गाळप वाढवा. शेतातच रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स, म्हणजे रसाच्या गोडीचा आकडा, बघा. वरच्या आणि खालच्या कांड्याचा आकडा जवळजवळ आला की तोडा. पावसाळ्यात गूळ हवेतले पाणी ओढून पाघळतो, म्हणून लहान ढेपा घट्ट पॅक करून शीतगृहात ठेवा. सांगली-तासगाव भागात बेदाण्यासाठी शीतगृहे आहेत, तिथे भाड्याची चौकशी करा आणि ते भाडे दरात धरा. दुकानदाराला मोकळेपणाने सांगा की हा थंडीतला गूळ आहे. पाकिटावर गाळपाचा महिना छापा. तरीही तो ऑगस्टचा ताजा गूळच मागत असेल, तर हे गिऱ्हाईक सोडून द्या.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलेत की साखर कारखान्याने बंद हंगामात माणूस सांभाळायची रीत घालून दिली. आमच्या भागातून नवरा-बायकोच्या हजारो जोड्या ऊसतोडीला जातात. त्यांचा बंद हंगाम कोण सांभाळतो? – एक वाचक, बीड

उत्तर : कोणी नाही. तुमचा आक्षेप रास्त आहे आणि मला तो लागला.

गेटच्या आतल्या कामगाराला रिटेन्शन आहे, बाहेर फडात राबणाऱ्या कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडीला, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. पावसाळ्यात घरी खायला नसते तेव्हाच मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि मग ती थंडीत नवरा-बायकोने मिळून फेडायची. म्हणजे बंद हंगामाचा खर्च कामगारच उचलतो, तोही कर्ज काढून. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्याचे ऊसतोड कामगार महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरलेले आहे. सुरुवात म्हणून ठीक. पण ज्या तोडणीवाचून गव्हाण एक दिवस चालत नाही, ती माणसे कारखान्याच्या हजेरीपटावर नसावीत, हे मला पटत नाही. कारखान्याने तोडणी कामगाराची नोंद थेट स्वतःकडे ठेवावी, मजुरी त्याच्या आणि तिच्याही खात्यात वेगवेगळी जमा करावी आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी रिटेन्शनसारखी रक्कम द्यावी. हार्वेस्टर वाढत आहेत. ते आले म्हणून या माणसांचा हिशेब मिटत नाही.

खर्च परवडणार नाही असे कारखानदार म्हणतील. आतल्या कामगाराच्या रिटेन्शनच्या वेळीही हेच म्हटले जात होते. तुमच्या गावातल्या जोड्यांशी मुकादमाने केलेल्या कराराची प्रत मिळाली तर मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. नावे झाकून त्यातली कलमे एकेक करून पुढच्या अंकात घेतो.