अँजिओसार्कोमा छातीत पसरलाय का, हे फुफ्फुसाभोवतीचं पाणी तपासून कळतं का?

कळू शकतं, पण रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त राहू नका. हा रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कॅन्सर, त्यामुळे पाणी बरेचदा लालभडक येतं आणि त्या रक्ताच्या गर्दीत कॅन्सरच्या पेशी मोजक्याच सापडतात, त्यात त्या दिसतात अ‍ॅडिनोकार्सिनोमासारख्या (ग्रंथींच्या पेशींच्या कॅन्सरसारख्या), त्या कॅन्सरमध्ये सापडणारं केराटिन हे प्रथिनही कधीकधी पॉझिटिव्ह येतं आणि तिथंच फसगत होते. एखाद्या पेशीच्या पोटात पोकळी आणि त्यात अडकलेली लाल पेशी दिसली की संशय घ्यायचाच. नुसत्या स्लाइडवर भागत नाही, सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशी गोळा करून मेणात बसवलेला ठोकळा) करून त्यावर सीडी ३१ आणि ईआरजी या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी ओळखणाऱ्या चाचण्या लावायला सांगा, आणि आधीच्या गाठीचा रिपोर्ट पॅथॉलॉजिस्टच्या हातात नक्की द्या, ती माहिती नसली की हे निदान पटकन सुचत नाही हो. तरीही निगेटिव्ह आलं आणि डॉक्टरांना शंका असली तर प्ल्युराची (फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाची) बायोप्सी.