तीन कामं सांगितली, एकच का झालं?

“बूट जागेवर ठेव, हात धू आणि दप्तरातून डबा काढ, असं सांगितलं की बूट ठेवतो आणि तिथेच उभा राहतो. चित्रांच्या जोड्या लावताना मात्र मला हरवतो. म्हणजे मुद्दाम दुर्लक्षच करतो ना?” साडेपाच वर्षांच्या मुलाच्या आईची ही काळजी.

आधी कान तपासून घेतले. ऐकू नीट येत होतं. मग ऐकलेलं किती लक्षात राहतं हे पाहायला सेकंदाला एक या गतीने आकडे म्हटले. सरळ क्रमाने त्याला ३ आठवले, उलट क्रमाने २. ठोकळ्यांवर बोटाने दाखवलेला क्रम ४ पर्यंत जमला. या वयात यात काळजीचं काही नाही.

ऐकलेलं आणि पाहिलेलं आपण वेगवेगळ्या कप्प्यांत धरून ठेवतो. ऐकलेले शब्द मनात घोकले नाहीत, तर दोनेक सेकंदांत विरू लागतात. आणि साधारण सातव्या वर्षापर्यंत मुलं आपणहून घोकत नाहीत. १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्लॅवेल आणि सहकाऱ्यांनी चित्रांचा क्रम लक्षात ठेवणाऱ्या मुलांचे ओठ निरखले. पाच वर्षांच्या २० पैकी २ मुलं पुटपुटत होती, दहा वर्षांच्या २० पैकी १७.

खरी अडचण पुढे होती. तो थबकला की आई तेच वेगळ्या शब्दांत सांगायची, “अरे, डबा राहू दे, आधी हात!” नव्या वाक्याने उरलंसुरलंही पुसलं जायचं. म्हणून ठरवलं: जवळ जाऊन तीनच छोटे शब्द, “बूट, हात, डबा”. त्याने ते मोठ्याने परत म्हणायचे आणि म्हणतच कामाला लागायचं. अडला तर तेच शब्द, त्याच क्रमाने.

सकाळच्या कामांसाठी चित्रकार्डं केली, ती पहिल्यांदा फसली. ब्रश, कंगवा, पेन्सिल: तिन्ही लांबट, एकाच रंगात काढलेली. या वयाची मुलं चित्र नावापेक्षा रूपावरून लक्षात ठेवतात, त्यामुळे सारखी दिसणारी चित्रं गोंधळ करतात. त्याऐवजी दात घासतानाचा, केस विंचरतानाचा आणि दप्तराचा फोटो लावला, तेव्हा क्रम बसला.

सहा आठवड्यांनी घरी आल्यावरची तिन्ही कामं तो बहुतेकदा करत होता. दमलेला असला किंवा टीव्ही चालू असला की अजून चुकतो. आईने स्मरणशक्तीच्या ॲपबद्दलही विचारलं. अशा सरावाने मुख्यतः तोच खेळ सुधारतो, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नका असंच सांगितलं. मात्र या वयात एकच सूचनाही पाळता येत नसेल, किंवा नवा शब्द ऐकून लगेच म्हणताना मूल सतत अडखळत असेल, तर वाचा-भाषा तज्ज्ञांकडे तपासणी करून घ्या.