मशीनवर हात चालतो, बिलावर का चालत नाही?

प्रश्न : मॅडम, उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशीन आहेत, वय ३९. कामाला मी मागं नाही, अर्जंट जॉब असला तर रात्री दोनपर्यंत मशीनवर उभारतो. पण बिलं करायची, कोटेशन पाठवायचं, जीएसटीचा डेटा सीएला द्यायचा म्हटलं की काय होतंय मलाच कळत नाही, लॅपटॉप उघडून बसतो आणि अर्ध्या तासानं बघतो तर भलतंच काहीतरी करत असतो. दर महिन्याला लेट फी. बायकोनं आठवण केली की तिच्यावरच खेकसतो. गेल्या वर्षी पोराला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आणि चुळबुळीचा त्रास आहे म्हणून डॉक्टर सांगत होते, तेव्हा वाटलं हे माझंच सांगायलेत. पण मी काही उड्या मारणारा माणूस नाही. मोठ्यांना असतंय का हे? का घरचे म्हणतात तसा नुसता आळस? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : दादा, मोठ्यांना असतंय. लहानपणी असलेलं बऱ्याच जणांत वय वाढलं तरी पूर्ण जात नाही, फक्त उड्या कमी होतात आणि आतली चुळबुळ राहते. शिवाय हे घराण्यात चालत येतं, त्यामुळे पोराला आहे म्हटल्यावर बापाला असायची शक्यता वाढते. नुसत्या पत्रावरून मी निदान करणार नाही, पण रात्री दोनपर्यंत उभारणाऱ्या माणसाला आळशी म्हणणं मला पटत नाही.

काम सुरू करणं, तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, मधेच भलतीकडं न वळणं, वेळेचा अंदाज, राग आवरणं, ही सगळी कामं मेंदूचा पुढचा भाग बघतो, त्यांना एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. एडीएचडीत डोपामिन आणि नॉरएड्रिनलिन या मेंदूतल्या रसायनांचं काम वेगळं चालतं आणि नेमकं हेच ढिलं पडतं. काय करायचं ते तुम्हाला पक्कं माहीत असतं, ते त्या वेळी हातून होत नाही. वहिनींवर खेकसणंही यातच येतं, पण म्हणून ते चालतं असं नाही हां.

आता मशीनवर काय होतं बघा. जॉब लावला, कट घेतला, मायक्रोमीटर लावला की साइज आली का नाही तिथल्या तिथं कळतं, पार्टीचा माणूस दारात उभा असतो, चुकलं तर लगेच दिसतं. बिलाचं तसं काहीच नाही, आज केलं तर पैसे दीड-दोन महिन्यांनी येणार, नाही केलं तर आज काहीच बिघडत नाही. अशा मेंदूला ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ एवढंच कळतं, जीएसटी भरायची २० तारीख ही १९ च्या रात्रीपर्यंत ‘नंतर’मध्येच असते. म्हणून जिथं लगेच उत्तर मिळतं तिथं तुम्ही तासन्‌तास रमता, आणि लोकांना वाटतं मनात आलं की करतो, नाहीतर नाही.

मग ठरवून काही होत नाही, दादा, काम डोक्यातून काढून बाहेर ठेवावं लागतं. जॉब गाडीत चढायच्या आधी बिल झालंच पाहिजे, मशीनशेजारीच, ऑफिसात जाऊन नंतर नाही. जीएसटीसाठी १० तारखेलाच कागद घेऊन सीएच्या ऑफिसात जाऊन बसा आणि तिथंच पुरं करा, शेजारी कुणी बसलेलं असलं की असं काम बऱ्याच जणांचं सुटतं. ‘हिशोब करणे’ असं लिहून ठेवू नका, ‘अमक्या पार्टीचं चलन काढणे’ एवढंच लिहा. आणि आठवण करायचं काम वहिनींकडून काढून घ्या, मोबाईलला द्या, पगारी माणूस ठेवा, काहीही करा, बायको घरातली सुपरवायझर झाली की दोघांचंही वाटोळं होतं.

तपासणी मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडूनच. बेळगावात आहेत, धारवाडला डिमहान्स हे सरकारी मानसिक आरोग्याचं हॉस्पिटल आहे, आणि कुठं जायचं कळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, २४ तास. थायरॉइड, झोपेत घोरून श्वास अडकणं, डिप्रेशन, दारू यांनीही असंच होऊ शकतं, ते आधी बघतील. निदान झालं तर मिथाइलफेनिडेट किंवा अॅटोमॉक्सेटिनसारखी औषधं आहेत, पहिलं त्याच दिवशी जाणवतं, दुसऱ्याला काही आठवडे लागतात, दोन्हीच्या आधी बीपी आणि हृदयाची चौकशी होते. पोराची गोळी स्वतः घेऊन बघू नका, प्लीज.

लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का हे डॉक्टर विचारतीलच, तेव्हा आईंना विचारून जा, शाळेचं जुनं प्रगतिपुस्तक सापडलं तर न्या, आणि वहिनींनाही सोबत न्या, तुमच्या लक्षात न आलेलं बरंच काही त्या सांगतील.