वाचकांचे प्रश्न : निवेदकाच्या पुढ्यातला कन्सोल

प्रश्न : मी खेळांचं समालोचन करतो. आता माझ्या टेबलावर निवेदकासाठीचा छोटा डिजिटल कन्सोल आला आहे. माइक जुनाच आहे, पण हेडफोनमध्ये माझाच आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ वाटतो. प्रसारणात तो उत्तम असतो म्हणे. मग बिघाड कुठे आहे?

उत्तर : माइकला हात लावू नका, तो बिचारा निर्दोष आहे. बोलताना तुमचा आवाज तुमच्यापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. एक कवटीच्या हाडांतून, लगेच. दुसरी हेडफोनमधून. ही दुसरी वाट लांबली की घोळ होतो. माझा अंदाज असा, की तुमचा आवाज नेटवर्कवरून कंट्रोल रूमच्या मिक्सरपर्यंत जाऊन कार्यक्रमाच्या आवाजात मिसळून परत येतोय. समजा यात पाच मिलिसेकंद गेले. दोन्ही आवाज डोक्यात एकत्र आले की 100, 300, 500 हर्ट्‌झच्या आसपास एकमेकांना खातात आणि 200, 400 ला फुगतात. तुम्ही म्हणता तो पोकळपणा हाच.

उशीर आणखी वाढला तर पोकळपणा जाऊन प्रतिध्वनी ऐकू येतो, आणि 200 मिलिसेकंदांच्या आसपास तर भल्याभल्यांची जीभ अडखळते. संशोधक बर्नार्ड ली यांनी 1950 मध्येच यावर लिहून ठेवलंय.

इलाज दोन ठिकाणी करायचा. कन्सोलमध्ये ‘साइडटोन’ असतो, म्हणजे तुमचा माइक बाहेर कुठे न जाता तिथल्या तिथे हेडफोनमध्ये येतो. तो सुरू करा, हळूहळू वाढवा. आणि कंट्रोल रूमला सांगा, ‘मला मिक्स-मायनस द्या’, म्हणजे कार्यक्रमाचा सगळा आवाज, फक्त तुमचा वगळून. दुसरी गोष्ट केली नाही तर पहिलीचा काही उपयोग नाही. आवाज दोनदा ऐकू येत राहील. दोन्ही करूनही आवाज बारीक, कोरडा वाटला, तर हेडफोनची पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण जोडणी, उलटी करून पाहा. काहींना त्याने चटकन फरक पडतो.

माझं मत विचाराल तर असा कन्सोल घेताना माइकच्या आकड्यांआधी हेडफोनची बाजू तपासावी. एका कानात कार्यक्रम, दुसऱ्या कानात दिग्दर्शक, आणि दोघांचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता येणं, एवढं मिळालं की निम्मं काम झालं. गोंगाटात ज्याला नीट ऐकू येत नाही तो ओरडायला लागतो, आणि ओरडणारा समालोचक शेवटपर्यंत टिकत नाही.

प्रश्न : ‘कफ’ आणि ‘टॉकबॅक’ या दोन बटणांत नेमका फरक काय? दोन्ही दाबली की प्रसारणातला आवाज बंदच होतो.

उत्तर : बंद होतो हे खरं, पण टॉकबॅक दाबल्यावर तुमचा आवाज दिग्दर्शकाकडे वळतो. कफ दाबल्यावर तो कुठेच जात नाही. खोका, पाणी प्या, शेजाऱ्याला नाव विचारा. चांगल्या कन्सोलमध्ये आवाज खटकन तुटत नाही, काही मिलिसेकंदांत उतरतो, म्हणून ‘टक्’ असा आवाज येत नाही.

टॉकबॅकचं बटण दाबून ठेवेपर्यंतच चालणारं असावं, याबाबत मी हटवादी आहे. एकदा दाबलं की अडकून राहणारं असेल, तर तुम्ही अप्रतिम समालोचन करत राहाल आणि ते ऐकेल एकटा दिग्दर्शक. ‘ऑन एअर’चं बटण मात्र अडकणारंच बरं, सोबत ठळक दिवा. बऱ्याच कन्सोलमध्ये टॉकबॅकच्या वाटेवर कॉम्प्रेसर, म्हणजे फार मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय, असतो. चिडलेल्या समालोचकापासून समोरच्याचे कान वाचवायला तो लागतोच!

प्रश्न : 48 व्होल्टचा फँटम, म्हणजे केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज, चुकून सुरू राहिला तर डायनॅमिक माइक (आत तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल असलेला) जळतो का? आणि गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची वाढ, किती ठेवू?

उत्तर : केबल धड असेल तर जळत नाही. प्लगच्या 2 आणि 3 क्रमांकांच्या पिनांवर विजेचा दाब (व्होल्टेज) सारखाच असतो, त्यामुळे कॉइलमधून प्रवाह वाहत नाही. ओठांना टेकवून वापरायचा रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) असेल तर मात्र फँटम बंदच ठेवा. एखादी तार शॉर्ट झाली की दाब असमान होतो आणि आतली नाजूक पट्टी ताणली जाऊ शकते.

गेनचा हिशेब असा. जवळून बोललं तर डायनॅमिक माइक दोन-एक मिलिव्होल्ट देतो, आणि पुढच्या यंत्रांना लागतात साधारण 1.23 व्होल्ट (व्यावसायिक ध्वनियंत्रांच्या भाषेत +4 डीबीयू). म्हणजे सहाशेपट, सुमारे 56 डेसिबल. पण हा आकडा बघून गेन लावू नका. गोल झाल्यावर तुम्ही जसे ओरडता तसे खरोखर ओरडा, आवाज मर्यादेबाहेर गेल्याचा लाल दिवा लागणार नाही इतपत गेन ठेवा. ओरडण्याआधी कंट्रोल रूमला तेवढं कळवा.